चुंबकीय उद्दीपन, मज्जापेशींची आकार्यता आणि नैराश्य

नैराश्याच्या रोग्याच्या मस्तकावर तारेचे वेटोळे टेकवून त्यातून क्षणमात्र प्रबळ विद्युत्प्रवाह सोडला, तर त्याखालील मज्जापेशी उद्दीपित होतात. यात शस्त्रक्रिया नाही, भूल नाही. आणि ज्या ‘शॉक’ची आपल्याकडे धास्ती असते तो आकडी आणविणारा उपचारही हा नव्हे. यामागील तत्त्व जुनेच आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखविले. शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ते मानवी मेंदूस लावले. कवटी विजेस अडविते, चुंबकीय क्षेत्रास अडवीत नाही, यातच या युक्तीचे मर्म आहे.

नैराश्यासाठी बहुधा डाव्या ललाटखंडाचा वरचा-बाहेरचा भाग निवडतात, कारण भावनांचे नियमन करणाऱ्या खोलवरच्या केंद्रांशी त्याचा संबंध आहे. स्पंद किती तीव्र असावा हे ठरविण्याची रीत मोठी साधी आहे: हाताच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावर वेटोळे धरून अंगठा केव्हा हलतो ते पाहावयाचे.

तथापि खरे कोडे पुढेच आहे. एकेक स्पंद सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी काळ टिकतो. सुधारणा मात्र काही आठवड्यांनी दिसू लागते आणि लाभ झाल्यास ती कित्येक महिने टिकते. विरून गेलेल्या स्पंदाचा ठसा राहतो कोठे?

याचे उत्तर मज्जापेशींच्या आकार्यतेत, म्हणजे वापरानुसार घडत जाण्याच्या गुणात, शोधले जाते. एकत्र उद्दीपित होणाऱ्या पेशींमधील संबंध दृढ होतो, ही कल्पना हेब यांनी १९४९ मध्ये मांडली. ब्लिस व लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूत ती प्रत्यक्ष दाखविली: द्रुत उद्दीपनानंतर संधिस्थानांचा प्रतिसाद कित्येक तास वाढलेला राहिला. बारामती-इंदापूरकडील वाचकांस नीरा डाव्या कालव्याच्या चाऱ्या परिचित आहेत. ज्या सरीतून पाणी वारंवार वाहते ती खोल होते व पुढचे पाणी तिकडेच ओढले जाते. उपमा येथवरच चालते; कारण मेंदूत मंद गतीने, सेकंदास एक असे, स्पंद दिले तर वाट खोल होण्याऐवजी बहुधा बुजत जाते.

जिवंत माणसाच्या मेंदूतील संधिस्थाने अशी उकलून पाहता येत नाहीत. म्हणून आडवळणाचा पुरावा घ्यावा लागतो. सायक्लोसेरीन हे क्षयरोगावरील जुने औषध अल्प मात्रेत आकार्यतेस आवश्यक अशा ग्राहींना साहाय्य करते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० रुग्णांच्या एका प्रयोगात उद्दीपनाच्या जोडीस हे औषध दिलेल्यांची सुधारणा नुसत्या उद्दीपनाहून अधिक आढळली. प्रयोग लहान आहे, पण दिशा सूचक आहे.

हा विचार केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता पावलेल्या पद्धतीत सेकंदास १० या गतीने सुमारे ३७ मिनिटे स्पंद देतात, आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. इंदापूरच्या रोग्यास पुण्यास जावयाचे झाल्यास जाऊन-येऊन अडीचशेहून अधिक किलोमीटर पडतात. तीस फेऱ्यांचे अंतर आठ हजारांच्या आसपास जाते. ज्याला सकाळी अंथरुणातून उठणेच अशक्य वाटते, त्याच्याकडून ही अपेक्षा करावयाची. शिवाय सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

२०१८ मध्ये ४१४ रुग्णांवरील कॅनडातील चाचणीत तीन मिनिटांचे त्रि-स्पंदी उद्दीपन जुन्या पद्धतीहून कमी ठरले नाही. त्याने यंत्राचा वेळ वाचला. प्रवासाचे दिवस तेवढेच राहिले. स्टॅनफर्ड येथील पद्धतीत मात्र दिवसास दहा सत्रे, असा पाच दिवसांतच उपचार संपतो. दोन सत्रांत सुमारे पन्नास मिनिटांचे अंतर ठेवतात, आणि ते विश्रांतीसाठी नव्हे: योग्य अंतराने दिलेली उद्दीपनेच एकमेकांवर साचत जातात, हे आकार्यतेच्या अभ्यासातून आलेले ज्ञान आहे. २०२२ मधील त्यांच्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष आशादायक होते. मोठ्या चाचण्यांत ते टिकले, तर पाच दिवस पुण्यात एखाद्या नातलगाकडे राहून उपचार पुरा करता येईल.

मस्तकात धातूची वस्तू किंवा श्रवणयंत्र बसविलेल्यांस हा उपचार देत नाहीत. आकडीचा पूर्वेतिहास असल्यास विशेष दक्षता घेतात. गुण सर्वांसच येतो असेही नाही. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरहून ते पुण्याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर पडते. लांबलेल्या नैराश्याच्या रोग्याने पुण्याची वाट धरण्यापूर्वी तेथील मनोविकारतज्ज्ञांस भेटावे. औषधे पुरेशा मात्रेत व पुरेसे दिवस दिली गेली होती काय, याचा विचार प्रथम तेथे होतो.