नववर्षाच्या ताटातील तिक्त रस

चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढी उभारल्यावर आपल्या हाती प्रथम येतो तो कडुनिंबाचा प्रसाद : कोवळी पाने व फुलोरा, त्यांत मिरे, हिंग, ओवा, सैंधव व गूळ. त्याच दिवशी उगादीच्या तेलुगू पच्चडीत निंबपुष्पे, चिंच, गूळ, कैरी, मीठ व तिखट असे षड्रस एकत्र येतात; कन्नड घरांत बेवु-बेल्ल, म्हणजे कडुनिंब व गूळ, वाटतात. एप्रिलच्या मध्यास तमिळ नववर्षी कैरीच्या पच्चडीत निंबाचीच फुले पडतात. काश्मिरी पंडितांच्या नवरेहच्या थाळीत तांदूळ व अक्रोडांसह वेखंड मांडलेले असते.

भाषा निराळ्या, ऋतू मात्र एकच. शिशिरात साचलेला कफ वसंतातील सूर्यतापाने प्रकुपित होतो. त्यावर तिक्त व कटू रस हितकर, हे आपण जाणतोच.

तथापि एका दिवसाचा प्रसाद म्हणजे ऋतुचर्या नव्हे. तसेच, पाडव्याच्या उत्साहात महिनोन्‌महिने कडुनिंबाचा रस पिणेही नव्हे. आमची वैद्यबंधुभगिनींना विनंती, की प्रकृती, बल व काल पाहून मात्रा व अवधी ठरवून द्यावा. गर्भिणी व अपत्येच्छू दांपत्यांना नित्यसेवनापासून परावृत्त करावे. औषधी भांडारचालकांनी ताजा पाला घेताना बकाणनिंब ओळखावा. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले व फुले पांढरी; बकाणाचे पान दोन-तीनदा विभागलेले, फुले फिकट जांभळी व फळे विषारी.

प्रसाद परंपरेने दिला आहे. त्यातील द्रव्य अचूक असावे, ही जबाबदारी आपली आहे.