किनाऱ्याचे कागद : लेखांक ६ – एका खाडीचे पाच नकाशे

मागच्या लेखांकात जुना छापील नकाशा ओळखायचा कसा, ते पाहिलं: कागदावर उमटलेली तांब्याच्या पत्र्याची चौकट, अ‍ॅटलासातल्या पानाची मधली घडी, छपाईनंतर हाताने भरलेले रंग. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. असे नकाशे जमवायचे, तर कोणतं सूत्र धरून? परदेशातले संग्राहक बहुधा एखादा प्रदेश निवडतात, आणि त्यात पॅसिफिक महासागरातल्या बेटांना मोठा मान आहे. ऑर्टेलियसने १५८९ साली पॅसिफिकला वाहिलेला पहिला छापील नकाशा काढला, तेव्हा त्या महासागराचा बराचसा भाग कोणीच पाहिलेला नव्हता. मेंदान्या या स्पॅनिश खलाशाला १५६८ साली सॉलोमन बेटं सापडली, पण ती नेमकी कुठे हे सांगता न आल्यामुळे युरोपातल्या खलाशांना पुढची दोनशे वर्षं ती पुन्हा हाती लागली नाहीत. याच्या उलटही घडलं. १८७६ साली ‘व्हेलॉसिटी’ या देवमाशांच्या शिकारीवर निघालेल्या जहाजाने कळवलेलं सँडी बेट शतकभराहून अधिक काळ नकाशांवर राहिलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथे पोहोचलं, तेव्हा त्या जागी हजार मीटरहून खोल समुद्र होता. कधीच नसलेली बेटं हे पॅसिफिकच्या नकाशांचं मोठं आकर्षण आहे.

मुंबई बंदराच्या नकाशांत याहून वेगळी गोष्ट सापडते. तिथे खरोखरची बेटं आहेत, आणि ती आता बेटं राहिलेली नाहीत. उरणजवळचं करंजा हे जुन्या नकाशांत चहूबाजूंनी पाणी असलेलं बेट आहे. आज तिथे सरळ रस्त्याने जाता येतं. करंजाडेकरांना तर हा बदल घराच्या गच्चीवरून दिसावा इतका जवळचा आहे. पनवेलच्या नद्या जिथे खाडीला मिळतात, त्या सखल भागाशेजारी सिडको या शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने वसवलेला करंजाडे हा नोड. पलीकडे नवी मुंबई विमानतळासाठी उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं, उलव्याची टेकडी तोडली गेली, दहा गावांना जागा सोडावी लागली. खाडीतल्या बेटावरचं वाघिवली हे त्यांपैकी एक. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. इतक्या थोड्या काळात इतकी जमीन बदलते, तेव्हा जुना नकाशा हा भिंतीवरचा दागिना राहत नाही, पुरावा होतो. पण एकट्यादुकट्या नकाशाला पुराव्याचं बळ नसतं. ते येतं एकाच जागेचे वेगवेगळ्या काळातले, वेगवेगळ्या कामांसाठी काढलेले नकाशे शेजारी ठेवल्यावर. म्हणून नामवंत नकाशाकारांची सुटी पानं जमवण्यापेक्षा आपली एक खाडी, आपला एक तालुका धरून संग्रह करावा, असं मी या लेखात मांडणार आहे.

एकट्या नकाशावर विसंबलं की काय होतं, याचं सर्वांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे मुंबईची सात बेटं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम हे सात तुकडे वेगळे दाखवणारं चित्र आपण शाळेपासून पाहतो आणि इंग्रजांनी जोडण्याआधी मुंबई अशीच होती, असं धरून चालतो. पण ते चित्र नंतर मागे वळून केलेली मांडणी आहे. सतराव्या शतकातल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत मुंबई हे बहुतेक ठिकाणी एकच बेट आहे. फक्त त्याच्या मधल्या बऱ्याच जमिनीवर भरतीचं पाणी चढतं. १६७० च्या दशकात इथे आलेला कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर याचं प्रवासवर्णन १६९८ साली छापलं गेलं, त्यातही या बुडीत जमिनीचा उल्लेख आहे. मग बेट एक की सात? याचं उत्तर नकाशा काढणाऱ्याने किनाऱ्याची रेघ भरतीला ओढली की ओहोटीला, यावर अवलंबून आहे. कोकणातल्या खाजणाची जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा वर येते. कागदावर मात्र एकच रेघ मारता येते. ही अडचण एका नकाशातून कधीच कळत नाही; दोन नकाशे जुळेनासे झाले की कळते.

नकाशा कोणत्या कामासाठी काढला, हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा. १६६१ च्या विवाह-तहाने पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली. पण मुंबई म्हणजे नेमकं किती, यावर लगेच वाद उभा राहिला. इंग्रजांच्या मते साष्टी आणि ठाणं त्यातच आले. गोव्याचा व्हाइसरॉय म्हणाला, फक्त बेट. कराराच्या वेळी दाखवलेल्या नकाशाचा हवालाही या भांडणात दिला गेला. ताबा मिळेपर्यंत तो घ्यायला आलेल्या अब्राहम शिपमन या इंग्रज अधिकाऱ्याला आपल्या शिपायांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबावं लागलं आणि १६६४ साली तो तिथेच मेला. १६६५ साली त्याच्या जागी हम्फ्री कुकने ताबा घेतला, तेव्हा साष्टी त्यात नव्हतीच. पुढे पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे गेलेली साष्टी इंग्रजांनी घेतली १७७४ च्या डिसेंबरात, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, करंजा, घारापुरी ही बेटं त्यांच्याकडे कायम झाली. आता पाहा: फ्रेंच नौदलाच्या नकाशा कचेरीत आयुष्य घालवलेल्या जाक-निकोला बेलँचा मुंबई आणि परिसराचा छोटा नकाशा १७६४ सालच्या अ‍ॅटलासात आहे. तेव्हा साष्टी आणि करंजा पेशव्यांकडे होते आणि मुंबई इंग्रजांकडे. बेलँ मुंबईला कधी आला नव्हता; पॅरिसमध्ये बसून इतरांच्या टिपणांवरून त्याने हा नकाशा जुळवला. आज बाजारात हा नकाशा देखणा म्हणून विकला जातो. पण वाचायचा झाला, तर तो एका प्रतिस्पर्धी आरमाराने दुसऱ्याच्या बंदराची दुरून ठेवलेली नोंद म्हणून वाचावा लागतो.

पनवेल खाडीपुरतं बोलायचं, तर असे पाच जातींचे नकाशे शेजारी ठेवता येतात. पहिला दर्यावर्दी नकाशा. त्यात किनाऱ्यापेक्षा पाण्याला महत्त्व असतं. ठिकठिकाणी खोलीचे आकडे असतात, आणि जुन्या नकाशांत ते वावांत मोजलेले असतात. एक वाव म्हणजे सहा फूट. बंदरातून खाडीकडे येताना हे आकडे उतरत जातात आणि मग नुसता चिखल दाखवणारे ठिपके उरतात. दुसरा, मुंबई ते पुणे वाटेचा नकाशा. १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. प्रवासी मुंबईहून होडीने पनवेलला उतरत आणि तिथून घाट चढत. म्हणून त्या काळच्या नकाशांत पनवेल ठळक अक्षरांत आहे. १८६३ साली घाटातून रेल्वे गेली, वाहतूक कल्याण-कर्जतकडे वळली आणि नकाशांतल्या पनवेलच्या अक्षरांचं वजन उतरलं. १८५२ साली नगरपालिका मिळालेल्या गावाचं मोठं होणं आणि मागे पडणं असं नुसत्या अक्षरांच्या आकारातून वाचता येतं. इथे शोधणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये पनवेल ठाणे जिल्ह्यात आहे, नंतर ते कुलाब्यात गेलं, आणि कुलाब्याचं रायगड झालं १९८१ साली. विक्रेत्याच्या यादीत नुसतं ‘रायगड’ शोधणाऱ्याला जुनं पनवेल सापडणार नाही.

तिसरा गावनकाशा. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवलेली सारामोजणीची पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. तिची साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. आज करंजाड्यात प्लॉटचा हिशेब करताना जो आकडा तोंडी येतो, तो त्या साखळीतून आला आहे. गावनकाशात सर्व्हे नंबर, बांध, ओढे, पायवाटा, गावठाण असतं. खाडीकाठच्या गावांत खाऱ्या पाण्याला अडवणारे बांधही असतात. चौथा, भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा. करंजाडे ४७ एफ/१ या पत्रकात येतं, तेही अगदी वरच्या कडेला, कारण पत्रकाची वरची सीमा बरोबर १९ अक्षांशावर आहे. खारघर वरच्या ४७ ई/४ मध्ये जातं, तर माथेरानचा डोंगर उजवीकडच्या ४७ एफ/५ मध्ये. पनवेलला येणारं पावसाचं पाणी कुठून येतं हे पाहायचं, तर ही तीन पत्रकं कडेला कड लावून जोडावी लागतात. पाचवा, सिडकोचा विकास आराखडा. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोचा नकाशा सेक्टर, प्लॉट आणि रस्त्यांच्या भाषेत बोलतो. शिवाराची नावं त्यात दिसत नाहीत. खोली, वाट, सारा, उंची आणि प्लॉट असे हे पाच वेगळे प्रश्न आहेत. प्रत्येक नकाशाने आपल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि बाकीच्यांबद्दल तो गप्प राहिला. खाडीचा इतिहास वाचायचा, तर एकाने गाळलेलं दुसऱ्यात शोधावं लागतं.

यावर पहिला आक्षेप अचूकतेचा. जुने नकाशे चुकीचे असतात, मग त्यांचा पुरावा कसा मानायचा? अक्षांश-रेखांश आणि अंतरांच्या बाबतीत हा आक्षेप बरोबर आहे. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी कोकणात पोहोचण्याआधीच्या नकाशांवरून अंतर मोजू नये. पण पाण्याला लागून काय होतं, मध्ये काय होतं, गावाला काय म्हणत, हे सांगायला मोजणी अचूक असावी लागत नाही. शिवाय एकच चूक तीन नकाशांत आढळली, तर कोणी कोणाची नक्कल केली हे कळतं, आणि तेही एक ज्ञानच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे नकाशे परक्या सत्तांनी काढले, ते जमवणं म्हणजे त्यांचीच नजर जपणं. ही नजर त्यांत आहे, यात शंका नाही. पण ती उघडी पाडायची, तर नकाशा समोरच हवा. तो नाकारून ती लपते. दुसरं असं, की आपल्याकडे जमिनीची नोंद शब्दांत ठेवण्याची पक्की रीत होती. सनदांमध्ये आणि इनामाच्या मोडी कागदांत चतुःसीमा दिलेल्या असतात: पूर्वेस कोणाचं शेत, पश्चिमेस कोणता ओढा. हा शब्दांतला नकाशाच आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली पुण्यात सुरू झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुण्याचंच पेशवे दफ्तर इथे असे कागद सांभाळलेले आहेत. ज्याच्या संग्रहात इंग्रजी पत्रकाशेजारी चतुःसीमेची नक्कल असेल, त्याला परकी नजर आपोआप तपासता येईल.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. मोठ्या ग्रंथालयांनी हजारो नकाशे इंटरनेटवर मोफत ठेवले असताना कागद का विकत घ्यायचा? माझं उत्तर सरळ आहे: घ्यायलाच हवा असं नाही. संग्रह मांडणीने होतो, मालकीने होत नाही. एका खाडीच्या पंधरा नकाशांच्या चांगल्या छपाईप्रती कालक्रमाने लावल्या, प्रत्येकाखाली कोणी, केव्हा, कशासाठी काढला हे लिहिलं, तर तो संग्रह पन्नास हजारांच्या एका मूळ पानापेक्षा मोलाचा आहे. मूळ कागदाचं महत्त्व वेगळं: कागदातला जलचिन्हाचा ठसा, पत्र्याची चौकट, वापरणाऱ्याने पेन्सिलीने केलेली दुरुस्ती हे स्कॅनमध्ये पुरतं येत नाही. पण मूळ कागदाची हाव माणसाला कुठवर नेते, हेही ठाऊक असावं. २००५ साली येल विद्यापीठाच्या ग्रंथालयातून चोरलेल्या नकाशांसह एक नामांकित नकाशाविक्रेता पकडला गेला. पुढे त्याने ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. अख्ख्या अ‍ॅटलासाचे तुकडे करून पानं सुटी विकण्याचा धंदा तर कायद्यात बसूनही सुरू असतो. ग्रंथालयाचा शिक्का खरवडलेलं किंवा कडेला ताजं कापलेलं पान कितीही स्वस्त मिळालं, तरी घेऊ नये. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदाही आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं पुरावस्तू ठरतात, आणि त्या खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत.

म्हणून करंजाडे, कामोठे, उलवे, पनवेल इथल्या वाचकांना एक विनंती. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून आपल्या मूळ गावाच्या गावनकाशाची नक्कल काढा. ४७ एफ/१ चं पत्रक मिळवा. मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि राज्य पुराभिलेखागार इथे जाऊन जुने नकाशे पाहा. मग खाडीकाठच्या गावांतल्या मच्छीमारांना आणि मिठागरांत काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन बसा आणि त्या नकाशावर नावं भरा: कोणत्या बांधाला काय म्हणत, भरती कुठवर चढे, होडी कुठे लागे. ही नावं कोणत्याही छापील नकाशात नाहीत आणि ती सांगणारी पिढी आता थोडी उरली आहे. बेलँचा नकाशा पुढच्या शंभर वर्षांतही कुठेतरी विकत मिळेल. ही नावं मात्र आत्ताच लिहून घ्यावी लागतील.