हलत्या चित्रांची पारदर्शक युक्ती

कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाची चित्रकथी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. कथा गाऊन सांगताना कलावंत एकामागून एक चित्र समोर धरतो. याच गावात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही आहे. पांढऱ्या पडद्यामागे दिवा असतो आणि दोहोंच्या मध्ये बाहुली नाचते. (या कलांच्या जतनासाठी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.)

या दोन खेळांत एक फरक आहे. चित्रकथीचा कागद पूर्ण भरलेला असतो. चित्र बदलले की सारेच बदलते. बाहुली मात्र आकृतीच्या कडेने कातरलेली असते. तिच्याभोवती काहीच नसते, म्हणून पडदा तोच ठेवून तिला कोठेही नेता येते. संगणकावरील पारदर्शक पार्श्वभूमीच्या हलत्या चित्रात या दोन्ही युक्त्या एकत्र येतात.

चित्र हलते कसे?

1912 च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढत असताना ठरावीक काळाने त्याची एकेक फ्रेम टिपली. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसले. हा चिमुकला चित्रपट दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) साठी भांडवल उभे केले. थोड्याथोड्या फरकाची चित्रे सेकंदाला दहाबारा वेगाने पुढे सरकली, की आपला मेंदू ती जोडून सलग हालचाल ‘पाहतो’.

आता समजा, मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेली होडी दाखवायची आहे. सेकंदाला 12 प्रमाणे दोन सेकंदांसाठी 24 चित्रे लागतील. मग किल्ला आणि समुद्रही 24 वेळा काढायचा काय? 1914 च्या सुमारास अमेरिकेत यावर उपाय निघाला. किल्ला कागदावर एकदाच काढायचा आणि होडी तेवढी सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर काढायची.

पण पारदर्शक पत्राही थोडा प्रकाश अडवतोच. त्याच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के, म्हणजे एका पत्र्यामागे 8 टक्के प्रकाश परावर्तित होतो. चार पत्रे असतील तर प्रकाश खाली जाताना चार व परत येताना चार, अशा आठ वेळा त्यांतून जातो. 0.92 चा आठवा घात करून पाहा, उत्तर 0.51 येईल. म्हणजे किल्ल्याकडून परत येणारा प्रकाश जवळजवळ निम्माच! एका फ्रेमवर दोन आणि पुढच्या फ्रेमवर चार पत्रे असतील तर चित्र लुकलुकेल. म्हणून चित्रकार गरज नसली तरी कोरे पत्रे घालून त्यांची संख्या सारखी ठेवत.

संगणकातील पत्रा

संगणकात प्रत्येक बिंदूला लाल, हिरव्या व निळ्या रंगाच्या तीव्रतेबरोबर अपारदर्शकतेचा चौथा आकडा देता येतो. त्याला अल्फा म्हणतात. अल्फा 0 म्हणजे कोरा पत्रा, 1 म्हणजे पूर्ण झाकलेला. होडीच्या कडेच्या बिंदूची तीव्रता 40, मागच्या समुद्राची 200 आणि अल्फा 0.25 असेल, तर दिसणारी तीव्रता 0.25 × 40 + 0.75 × 200 = 160 होईल. अशी कड समुद्रात अलगद मिसळते.

जिफ या 1987 मध्ये आलेल्या चित्रप्रकाराला 1989 च्या आवृत्तीत पारदर्शकता मिळाली, पण ती अर्धवट आहे. बिंदू एक तर पूर्ण पारदर्शक, नाही तर पूर्ण झाकलेला. त्यामुळे कडा करवतीसारख्या दिसतात. होडी आधी पांढऱ्या कागदावर रंगवली असेल, तर कडेच्या बिंदूंत पांढरा रंग मिसळलेला असतो आणि निळ्या समुद्रावर ती ठेवताच तिच्याभोवती पांढरी रेघ उमटते. हलत्या पीएनजी चित्रात खरा अल्फा असल्याने हा दोष टाळता येतो.

दुसरी अडचण अधिक मजेदार आहे. नवी फ्रेम पारदर्शक असल्याने तिच्यातून जुनी फ्रेम दिसत राहते आणि एका होडीच्या मागे होड्यांची रांग लागते! म्हणून प्रत्येक फ्रेमबरोबर ‘पुढची येण्यापूर्वी मला पुसा’ अशी सूचना फाइलमध्ये लिहावी लागते. पूर्ण भरलेल्या चित्राला तिची गरज नसते, कारण ते मागचे आपोआप झाकते.

करून पाहा

प्लॅस्टिकचे आठ पारदर्शक कागद घ्या. फायलीच्या पंचने सर्वांना एकाच जागी दोन भोके पाडा आणि ती दोन खिळ्यांवर अडकवा, म्हणजे कागद सरकणार नाहीत. खाली किल्ल्याचे चित्र ठेवा. प्रत्येक कागदावर मार्करने होडी एकेक सेंटिमीटर पुढे काढा. एका वेळी एकच कागद ठेवून मोबाइलने फोटो घ्या आणि ते भराभर सरकवा. होडी चालू लागेल.

मग आठही कागद एकदम ठेवा. किती होड्या दिसल्या? आणि किल्ला आधीपेक्षा किती अंधुक झाला? वरच्या रीतीने गणित करून उत्तर पडताळून पाहा.