तीन हजार फुटांचे वेड

2012 साली स्कॉटलंडमधल्या बेन अ ख्लाइव्ह या डोंगराची उंची नव्याने मोजली गेली. नकाशावर 916 मीटर होती, ती भरली 913.96. तीन हजार फूट म्हणजे 914.4 मीटर. जेमतेम 44 सेंटिमीटर कमी पडले आणि डोंगर ‘मन्रो’च्या, म्हणजे तीन हजार फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांच्या, यादीतून बाद झाला. डोंगराला त्याचे सोयरसुतक नव्हते, पण ती यादी पुरी करण्याच्या मागे लागलेल्या हौशी मंडळींना होते. आता यादीत 282 डोंगर उरले आहेत.

या वेडाचा जनक सर ह्यू मन्रो (1856–1919). स्कॉटलंडात तीन हजार फुटांवरचे डोंगर तीसेक असावेत, असा तेव्हा समज होता. मन्रोने 1891 मध्ये स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबच्या नियतकालिकात कोष्टकच छापले: 538 माथे आणि त्यांपैकी 283 स्वतंत्र डोंगर. नुसता माथा कोणता आणि स्वतंत्र डोंगर कोणता, याचा नेमका निकष मात्र त्याने दिला नाही, त्यामुळे यादीत बेरीज-वजाबाकी आजतागायत चालू आहे. गंमत म्हणजे मन्रोची स्वतःची यादी अपुरीच राहिली. स्काय बेटावरचा, सहसा दोर लावूनच चढला जाणारा ‘इनअ‍ॅक्सेसिबल पिनॅकल’ हा सुळका त्याला साधला नाही. 1901 मध्ये यादी पुरी करणारे पहिले गृहस्थ म्हणून रेव्हरंड ए. ई. रॉबर्टसन यांचे नाव घेतात. पण एका डोंगरावरून ते पावसामुळे माघारी फिरले असावेत, अशी शंका पुढे निघालीच.

या उंचीचे आपल्याला अप्रूप वाटणार नाही. तिथला सर्वांत उंच बेन नेव्हिस 1345 मीटरचा; आपले कळसूबाईचे शिखर 1646 मीटर. पण तिथे बरीचशी चढाई समुद्रसपाटीच्या आसपासूनच सुरू होते, वाटेत दलदल लागते आणि ऐन हिवाळ्यात उजेड सात तासही टिकत नाही.

तरी लोक जातात, कारण यादी त्यांना घराबाहेर काढते. देखणे, नावाजलेले डोंगर कोणीही चढेल. कुठल्याशा आडखोऱ्यातल्या बेढब टेकाडाकडे पाय वळतात ते यादीत त्याचे नाव आहे म्हणून. असे करता करता माणसाला अख्खा मुलूख पाठ होतो. शिवाय घाई नसते. हॅमिश ब्राऊन यांनी 1974 मध्ये सारे मन्रो एकाच सलग भटकंतीत केले. बहुतेकांना मात्र नोकरी-संसार सांभाळून वर्षानुवर्षे लागतात. यादी संपली की क्लबला कळवायचे. पुरावा कोणी मागत नाही, शब्दावर विश्वास ठेवून अनुक्रमांक दिला जातो. असे सात हजारांहून अधिक लोक नोंदले गेले आहेत.

ज्यांची हौस एवढ्याने फिटत नाही, त्यांच्यासाठी आणखी याद्या आहेत. अडीच ते तीन हजार फुटांचे ‘कॉर्बेट’ आहेत. अ‍ॅलन डॉसन यांनी 1992 मध्ये ‘मॅरिलिन’ आणले: एकूण उंची कितीही असो, डोंगर भोवतालच्या भूभागापासून किमान 150 मीटर सुटा उठलेला हवा. या नियमाने सेंट किल्डा बेटांजवळचे, समुद्रातून सरळ वर आलेले दोन सुळकेही यादीत आले. तिथे समुद्रपक्ष्यांची वीण असते, आणि खवळलेल्या लाटांतून कातळावर उतरणे हेच मोठे दिव्य. त्यामुळे सगळे मॅरिलिन पुरे व्हायला 2014 साल उजाडले.

आपल्याकडे गड-किल्ल्यांच्या याद्या घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत, पण त्या याद्यांना इतिहासाचे बोट धरावे लागते. ज्या डोंगरावर तटबंदी नाही, टाके नाही, त्याच्याकडे कोण जातो? भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे आता संकेतस्थळावर मिळतात. आपल्या तालुक्याचा नकाशा उघडा, उंचीचा एक आकडा ठरवा आणि त्यावरचे सगळे माथे एका वहीत उतरवून काढा. नावे गावातल्या गुराख्यांना विचारा, वनखात्याची परवानगी लागत असेल तर ती घ्या, आणि पावसाळा सरला की पहिल्या डोंगराला लागा. यादी पुरी झालीच पाहिजे असे नाही. मन्रोचीही झाली नव्हती.