शारीरिक निष्क्रियता, दीर्घकालीन आजार आणि उपचारखर्च : सोलापूरच्या श्रमिक वर्गाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

सोलापूर हे कष्टकऱ्यांचे शहर आहे. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे गिरणीच्या भोंग्यावर शहराची दिनचर्या चालली. एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मोठ्या गिरण्या बंद पडल्या. आज शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर चादरी व टॉवेल विणले जातात आणि हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. अशा शहरात 'शारीरिक निष्क्रियता' हा विषय अप्रस्तुत वाटणे स्वाभाविक आहे. व्यायामाचा अभाव, मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे सुखवस्तू वर्गाचे प्रश्न आहेत, असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. हा समज कितपत खरा आहे आणि या आजारांचा खर्च प्रत्यक्षात कोण सोसतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी प्रकाशित अहवाल व संशोधन या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

शारीरिक निष्क्रियता : संकल्पना

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची किंवा ७५ मिनिटे जोरकस शारीरिक हालचाल करणे आवश्यक आहे. ही मर्यादा न गाठणारी व्यक्ती अपुरी क्रियाशील मानली जाते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे ४९ टक्के प्रौढ या वर्गात मोडत होते. २००० मध्ये हेच प्रमाण सुमारे २२ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

हालचालीचा आजाराशी असलेला संबंध समजण्यास कठीण नाही. रक्तातील साखर वापरणारे शरीरातील सर्वांत मोठे ठिकाण म्हणजे स्नायू. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा इन्सुलिनची फारशी मदत न घेताही ते साखर शोषून घेतात. दीर्घकाळ स्वस्थ बसल्यास हा मार्ग बंद राहतो, इन्सुलिनची परिणामकारकता घटते आणि कालांतराने मधुमेहाची वाट मोकळी होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाने देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि ३१ कोटींहून अधिक उच्च रक्तदाबाचे रुग्ण असल्याचा अंदाज दिला आहे. या साऱ्यांचे एकमेव कारण निष्क्रियता नव्हे. आहार, अनुवंशिकता, तंबाखू आणि मानसिक ताण यांचाही वाटा आहे. तथापि निष्क्रियता हे टाळता येण्याजोगे कारण आहे.

कष्ट आणि व्यायाम यांतील भेद

१९५३ मध्ये जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालविणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसच्या पायऱ्या चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. दोघेही श्रमिकच होते. भेद हालचालीच्या प्रकारात होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कोपनहेगनमधील १ लाखाहून अधिक प्रौढांच्या अभ्यासाने पुढची पायरी गाठली. फावल्या वेळातील व्यायाम हृदयविकाराचा धोका कमी करतो, पण नोकरीतील जड कष्टांचा तसा लाभ दिसत नाही. उलट धोका वाढलेला आढळतो, असे त्यातून दिसून आले.

हा भेद सोलापूरला लावून पाहावा. विडी वळणारी स्त्री मांडीवर सूप घेऊन, तेंदूपत्ता कात्रीने कापत, पाठ वाकवून तासन् तास एकाच जागी बसते. हजार विड्या पूर्ण होईपर्यंत तिची बोटे क्षणभर थांबत नाहीत. मात्र पाय आणि मांड्यांचे मोठे स्नायू दिवसभर निश्चल राहतात. यंत्रमाग कामगार उष्णतेत व खडखडाटात दीर्घ पाळीभर उभा असतो; त्याला थकवा येतो, पण हृदयाला हितकारक असा विश्रांतीयुक्त व्यायाम घडत नाही. थोडक्यात, सोलापूरचा श्रमिक दमतो, परंतु वैद्यकीय अर्थाने तो क्रियाशील असतोच असे नाही. 'दिवसभर राबतो, आता वेगळा व्यायाम कशाला?' हा त्याचा प्रश्न रास्त असला तरी त्याचे शरीर त्या उत्तरावर समाधानी राहत नाही.

खर्चाचे स्वरूप

२०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने शारीरिक निष्क्रियतेमुळे २०१३ या एका वर्षात जगाच्या आरोग्यव्यवस्थेवर ५३.८ अब्ज आंतरराष्ट्रीय डॉलरचा भार पडल्याचे दाखविले. त्यापैकी ९.७ अब्ज डॉलर कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून भरले. याच अभ्यासातील आणखी एक निरीक्षण अधिक अंतर्मुख करणारे आहे. उपचारखर्चाचा सुमारे ८१ टक्के हिस्सा श्रीमंत देशांत नोंदला गेला, तर आजार व अकाली मृत्यू यांच्या भाराचा ७५ टक्के हिस्सा अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांवर पडला. याचा अर्थ स्पष्ट आहे : जेथे उपचार विकत घेणे परवडत नाही, तेथे खर्च हिशेबात दिसत नाही. खर्च झाला नाही म्हणजे हानी झाली नाही, असे नव्हे.

भारतात एकूण आरोग्यखर्चातील खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत घटले, ही समाधानाची बाब आहे. परंतु दीर्घकालीन आजाराचा खर्च एकदम येत नाही. तो दरमहा येतो. गोळ्या, रक्ततपासणी, डॉक्टरांची फी, रिक्षाभाडे आणि बुडालेली मजुरी असे त्याचे घटक आहेत. विडी कामगाराला मजुरी वळलेल्या विड्यांवर मिळते. रुग्णालयाच्या रांगेत गेलेला दिवस म्हणजे बिनमजुरीचा दिवस. म्हणून औषध मोफत मिळाले तरी ते तिला पूर्णतः मोफत पडत नाही. परिणामी 'बरे वाटते आहे' म्हणून गोळ्या थांबविल्या जातात.

शासकीय योजना आणि उणीव

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा आठ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत सोलापूरचा समावेश होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि २०२३ च्या निर्णयाने प्रति कुटुंब संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. या योजनेने असंख्य कुटुंबांना कर्जबाजारीपणापासून वाचविले, यात शंका नाही. तथापि तिचा भर रुग्णालयातील ठरावीक उपचारांवर आहे. हृदयशस्त्रक्रिया आणि डायलिसिस यांचा खर्च ती उचलते. ती वेळ लांबविणाऱ्या रोजच्या गोळीचा मात्र नाही. राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार नियंत्रण कार्यक्रमांतर्गत तिशीपुढील व्यक्तींची तपासणी व औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत उपलब्ध करण्याची तरतूद आहे. पण ती कामगाराच्या कामाच्या वेळेशी जुळली तरच उपयोगी पडते. आजार टोकाला गेल्यावर मदत सहज मिळते आणि आरंभी ती दूर राहते, हा या व्यवस्थेतील मूलभूत विरोधाभास होय.

उपाययोजना

१) विडी कारखान्यांत माल देण्याच्या ठिकाणी व वेळी रक्तदाब आणि साखर तपासणी करून महिन्याची औषधे तेथेच द्यावीत. रांगेचा दिवस वाचला तर उपचार टिकेल.

२) बैठ्या कामात दर तासाला काही मिनिटे उठून चालण्याचा प्रघात पाडावा. कुंभारीसारख्या कामगार वसाहतींत स्त्रियांना निर्धास्तपणे चालता येईल असे प्रकाशित रस्ते हवेत.

३) महाविद्यालयांची मैदाने व जिमखाने सकाळ-सायंकाळ परिसरातील नागरिकांस खुले करावेत.

४) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून श्रमिक कुटुंबांच्या मासिक औषधखर्चाच्या व बुडालेल्या मजुरीच्या नोंदी ठेवाव्यात. अर्थशास्त्र, समाजशास्त्र व शारीरिक शिक्षण विभागांना हा संयुक्त अभ्यासविषय होऊ शकतो.

निष्कर्ष

शारीरिक निष्क्रियता ही केवळ आळसाची किंवा सुखवस्तूपणाची निष्पत्ती नाही. कामाचे स्वरूपही ती लादते. आपल्या जिल्ह्यात दरवर्षी आषाढीला लाखो वारकरी पायी पंढरपूरला येतात. चालणे आपल्या संस्कृतीला परके नाही. परके आहे ते कष्टकऱ्याच्या रोजच्या दिवसातील अर्ध्या तासाचे स्वातंत्र्य. आपल्या वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थिनींचे शिक्षण आईने वळलेल्या विड्यांवर चालते. त्या आईला पन्नाशीत जडणारा मधुमेह त्या शिक्षणाचाही खर्च वाढवितो. म्हणून हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच आपल्या, अध्यापकांच्या, कक्षेतील आहे.