शीतकपाटाच्या दारांत काय ठेवावें?

कित्येक सुशिक्षित घरांत शीतकपाट उघडतांच असें दृष्टीस पडतें कीं, दुधाची बाटली दारांत आहे आणि कैरीच्या लोणच्याची बरणी अगदीं आंतल्या थंड फळीवर! व्यवस्था नेमकी याच्या उलट हवी.

आरंभीं या दारांना फळ्या नसत. अमेरिकेंतील क्रॉस्ली कंपनीनें १९३३ सालीं ‘शेल्व्हाडॉर’ नांवाचें शीतकपाट विक्रीस आणलें, आणि दाराची आंतली बाजू उपयोगांत आली. सोय मोठी खरी. परंतु दार उघडलें कीं त्यावरील जिन्नस सर्वांआधीं बाहेरच्या हवेंत येतात. दहा-बारा माणसांच्या घरांत दार दिवसांतून किती वेळां उघडतें हें गृहिणींस सांगावयास नकोच. शीतकपाटांत हीच जागा सर्वांत उबदार. दुधाचें उष्णमान ५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊं देऊं नये; निदान लहान मुलांचें व वृद्धांचें दूध तरी आंत, मागील बाजूस ठेवावें.

दारांत टोमॅटोचा सॉस, जॅम, मोहरीची तयार चटणी असे आंबट वा गोड पदार्थ खुशाल ठेवावे. मध बाहेरच बरा. थंडीनें तो लवकर साखरतो. भरपूर मीठ घातलेल्या व तेलाखालीं बुडालेल्या लोणच्यास तर शीतकपाटाची गरजच नाहीं, कोरडा चमचा पुरे. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून मीठ कमी केलेलें लोणचें मात्र आंतच हवें, कारण त्याचें रक्षण करणारी वस्तूच आपण काढून घेतलेली असते. ओल्या नारळाची चटणीहि आंतच.

सोललेला कच्चा लसूण नुसत्या तेलांत बुडवून ओट्यावर ठेवण्याची रीत मात्र आम्हांस धोक्याची वाटते. तेलाखालीं हवा पोहोंचत नाहीं आणि तेथें बोट्युलिझमचे जंतू विष निर्माण करूं शकतात. तें चवीवरून वा वासावरून कळेलच असें नाहीं. असा लसूण थोडाच करावा, लगेच आंत ठेवावा व चार दिवसांत संपवावा.

पूर्वीं या दारांना बाहेरून खटका असे. खेळतांना आंत लपलेलीं मुलें गुदमरून दगावलीं, तेव्हां दार आंतून उघडतां आलेंच पाहिजे असा कायदा अमेरिकेनें १९५६ सालीं केला. आज दार धरून ठेवते ती चुंबकाची रबरी पट्टी. दारांत कागदाचा कपटा धरून दार लावावें. तो सहज ओढला गेला तर ती पट्टी पुसून पाहावी, आणि तरीहि सैल राहिली तर बदलून घ्यावी.