तळवाडा ते बोरशेती: लोखंडाची ऐंशी वर्षे

डहाणू-तलासरीत वारल्याच्या घरचे लोखंड म्हणजे कोयता, विळा, पहार. बंदूक मात्र त्याने बहुधा दुसऱ्याच्याच हातात पाहिली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले. तो परवाना मिळवण्याइतकी पत या जंगलपट्ट्यात कोणाकडे होती, ते सांगायला नको.

या भागाच्या स्मृतीत बंदूक कायमची कोरली गेली ती १९४५ मध्ये. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि २३ मे रोजी झरी गावात वारल्यांनी स्वतःची परिषद भरवली. यापुढे वेठ करायची नाही, असे तिथे ठरले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी मालकाच्या घरी बायकोसह राबणारे लग्नगडी मोकळे होऊ लागले. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर गावोगाव पायी फिरत होते. पावसाळा सरताना गवतकापणीचा संप आला. मागणी साधी होती: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. विळा खाली ठेवायचा, एवढेच त्या संपाचे हत्यार. १० ऑक्टोबरला तळवाड्याजवळ हजारो वारली लाल बावट्याभोवती जमले. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप त्यांना पोहोचवला गेला होता. पोलिसांनी गोळीबार केला आणि रात्र उलटली तरी लोक जागचे हलले नाहीत. जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. बाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये हे सारे लिहिले. बंदुकीसमोर बसून राहिलेल्या त्या माणसांइतके धैर्य मला या जिल्ह्याच्या इतिहासात दुसरे दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने घातली. पण रानडुकरे शेतात उतरायची थांबली नाहीत. पीकराखणीसाठी बंदुकीच्या परवान्याची तरतूद कायद्यात आहे. दोन-चार एकरवाल्याला मात्र ते कागद, ते हेलपाटे आणि तो खर्च झेपत नाही. मग चोरवाटेने ठासणीची बंदूक येते, गावठी नळी येते. कुठे मोठ्या बोअरच्या बंदुकीत लहान काडतूस बसवायला घरीच घडवलेली बाहीसुद्धा.

इथे धातूचा प्रश्न येतो आणि त्यावर स्पष्ट बोललेच पाहिजे. ट्रकच्या कमानपाट्यातून लोहार झकास कोयता घडवतो. धार धरणारे लोखंड स्फोटही धरेल, हा समज मात्र जीवघेणा आहे. जुन्या काळ्या दारूचा जोर वेगळा होता. आजच्या धूरविरहित दारूच्या काडतुसात क्षणभर हवेच्या दाबाच्या काही शे पट दाब उठतो. धातूच्या पोटातली बारीक चीर, नळीचा जोड, भट्टीत चुकलेले पाणी, यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही. एकदा बार निघाला म्हणून दुसऱ्यांदा नळी फुटणार नाही, असे नसते. प्रत्येक बार ती चीर वाढवतो. म्हणूनच बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून प्रत्येक नळी जादा दाबाने तपासून शिक्का मारायची सक्ती आली. आपल्याकडेही विक्रीपूर्वी अशी चाचणी लागते. ‘कुठला धातू चालेल?’ या प्रश्नाला घरगुती कामापुरते एकच उत्तर आहे: कुठलाही नाही. शिवाय परवान्याविना शस्त्र बनवणे किंवा त्यात फेरफार करणे याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

नळी फुटली नाही तरी माणूस मरतोच. जानेवारी २०२५ च्या अखेरीस मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली गेली आणि घाबरलेल्यांनी मृतदेह झुडपांत लपवला. तळवाड्याच्या गोळ्या सत्तेच्या होत्या. इथे मारणारा आणि मरणारा एकाच वाटेने रानात शिरले होते.

त्या शिकारीमागे नासलेले शेत आहे, हे विसरून चालणार नाही. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखाते देते; पण पंचनामा वेळेत झाला, पैसे हंगामात हाती पडले आणि कुंपणाला मदत मिळाली, तरच तिचा उपयोग. झरीत वारल्यांनी एकत्र बसून मागण्या ठरवल्या होत्या. तलासरीच्या ग्रामसभांनी आज वेळेवर भरपाईची आणि कुंपणाची मागणी तितक्याच जोराने तहसील कचेरीत न्यायला हवी, पुढचे भात पोटरीला येण्याआधी.